कम्प्लीट हार्ट ब्लॉक आणि कायमचा पेसमेकर: ईसीजीच्या पट्टीपासून बॅटरी बदलेपर्यंत

मंदगती

आपल्याकडे 'हार्टमध्ये ब्लॉक निघाला' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: किती टक्के? हा धागा त्या ब्लॉकचा नाही. कम्प्लीट हार्ट ब्लॉकमध्ये रक्तवाहिन्या अगदी साफ असू शकतात. अडतो तो वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा संदेश. त्याला टक्केवारी नसते आणि त्यावर स्टेंट चालत नाही. वय झाल्यावर त्या मार्गावर तंतुमय जाळं धरतं, हे सगळ्यांत नेहमीचं कारण.

आधी निदानाबद्दल, कारण इथेच बरीच गल्लत होते. ईसीजीच्या पट्टीवर कागदाची कड ठेवा, ओळीने येणाऱ्या पी-लहरींवर (वरच्या कप्प्यांच्या ठोक्याचे छोटे उंचवटे) पेनाने खुणा करा आणि कागद पुढे सरकवत न्या. पी मिनिटाला ९० असतील तर दर १६-१७ बारीक चौकोनांवर खूण जुळत जाते. मध्ये एखादी पी दिसली नाही तर ती क्यूआरएसच्या (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची उंच रेघ) किंवा टी-लहरीच्या (त्यामागून येणारा उंचवटा) पोटात दडलेली असते. नीट बघितलं तर टीचा आकार तेवढ्या ठोक्यापुरता बिघडलेला सापडतो. आता तेच क्यूआरएससाठी करा. दर ३४ असेल तर साधारण ४४ चौकोनांचं अंतर, तेही न चुकता. दोन्ही आपापल्या चालीने नियमित आणि एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणजे कम्प्लीट ब्लॉक. क्यूआरएस मध्येच लवकर आला तर काही संदेश अजून खाली पोचतोय, म्हणजे ब्लॉक पूर्ण नाही.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (वरचे कप्पे नुसते थरथरतात) पी नसतातच. तिथे एकच खूण: अनियमित असायला हवी ती नाडी अचानक संथ आणि घड्याळासारखी नियमित झाली. 'नाडी सुधारली' असा शेरा मारून असा रुग्ण घरी पाठवला जाऊ शकतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

क्यूआरएस अरुंद आणि दर ४० ते ६० असेल तर पर्यायी ठोका (वरून संदेश न आल्यावर हृदय स्वतः पाडतं तो) जंक्शनजवळून, म्हणजे वरच्या-खालच्या कप्प्यांच्या सांध्याजवळून, येतोय, त्याच्यावर थोडा भरवसा ठेवता येतो. रुंद आणि २० ते ४० असेल तर तो खालून येतोय आणि कधीही दगा देऊ शकतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर ठरतं: या माणसाचा स्वतःचा ठोका किती विश्वासाचा आहे?

गावाकडचा_एमडी

चांगला धागा. कार्डिओलॉजिस्टकडे पाठवण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी काय बघायचं ते लिहितो.

गोळ्यांची पिशवी उलटी करून बघणे. नाडी मंदावणारी औषधे शोधायची: मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल, डिगॉक्सिन, ॲमिओडारोन. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब कोणी औषधात धरतच नाही, तेही विचारायचे. मग पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. मूत्रपिंड थोडे बिघडलेले, वर बीटा-ब्लॉकर (मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलच्या जातीची गोळी), मध्ये दोन दिवस जुलाब-उलट्या, की पोटॅशियम आणि गोळी एकमेकांना हात देतात आणि नाडी ३० वर येते. दोन्ही आकडे एकेकटे बघितले तर फार भयंकर नसतात, म्हणून फसायला होते. अशा वेळी कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के १० मिली हळूहळू शिरेतून, इन्शुलिन १० युनिट आणि सोबत २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज. गोळी बंद. पुष्कळांचा ब्लॉक एक-दोन दिवसांत सुटतो आणि कायमचा पेसमेकर टळतो.

आपल्या भागात आणखी एक कारण विसरू नये: बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. तिच्या बियांत डिगॉक्सिनच्या जातीचे विष असते. तरुण रुग्ण, उलट्या, संथ नाडी आणि घरचे काही सांगायला तयार नाहीत, तर हा प्रश्न स्पष्ट विचारायचा. विष उतरेपर्यंत ॲट्रोपिन आणि तात्पुरती वायर (शिरेतून हृदयात घालून बाहेरच्या खोक्याने ठोके देणारी), मिळाल्यास डिगॉक्सिनवरचे प्रतिपिंड. कायमचा पेसमेकर बसवायचा नसतो.

अतिदक्ष

वरच्या प्रतिसादाला पूरक, आयसीयूच्या बाजूने.

ॲट्रोपिन १ मिग्रॅ. आपल्याकडे ॲम्प्यूल ०.६ मिग्रॅची येते, तेव्हा दोन फोडा. अर्ध्या मिग्रॅपेक्षा कमी दिलं तर नाडी उलट आणखी मंदावू शकते. ३ ते ५ मिनिटांनी पुन्हा, एकूण ३ मिग्रॅपर्यंत. क्यूआरएस रुंद असेल तर ॲट्रोपिनकडून फार आशा नको आणि त्याच्यासाठी थांबूही नका. डोपामिन ५ ते २० मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट किंवा ॲड्रिनलिन २ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिनिट चालू करून पेसिंगच्या, म्हणजे यंत्राने ठोके देण्याच्या, तयारीला लागा.

छातीवरून पेसिंग: एक पॅड पुढे, एक पाठीवर. दर ७० ठेवून करंट टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा, बहुतेकांत ५० ते १०० मिलिअँपिअरच्या दरम्यान पकड येते, म्हणजे झटक्यासरशी हृदयाचा ठोका पडतो. प्रत्येक काटकोनी रेघेनंतर (यंत्राच्या झटक्याची खूण) रुंद क्यूआरएस आणि मागोमाग टी दिसली तरच पकड. नाडी मांडीत बघा, मानेत नको. झटक्यांनी मानेचे स्नायू उडतात आणि नाडी लागल्याचा भास होतो. रुग्ण शुद्धीवर असेल तर हा प्रकार अतिशय वेदनादायक असतो. बेताची गुंगी द्या, नुसता धीर देऊन भागत नाही.

टीपीआय, म्हणजे तात्पुरती वायर, लागली की चार गोष्टी दर पाळीला. थ्रेशोल्ड (ठोका पडायला लागणारी किमान वीज) १ मिलिअँपिअरच्या आत आहे ना. आउटपुट त्याच्या दोन-तीन पट ठेवलंय ना. वायर मांडीतून असेल तर पाय सरळ आहे ना. आणि बाहेरच्या खोक्यातली ९ व्होल्टची बॅटरी कधी बदलली? खोक्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा आणि नवी बॅटरी त्याच पलंगाच्या खणात ठेवा. मजल्यावरच्या स्टोअरमध्ये असलेली बॅटरी रात्री तीनला काही कामाची नाही.

वेंकेबाख

एक भर घालतो, यात जीव जातो म्हणून. ब्लॉकचा रुग्ण मॉनिटरवर एकाएकी वळवळत्या, रुंद, भरधाव ठोक्यांत गेला तर ती साधी व्हीटी (खालच्या कप्प्यांची भरधाव लय) समजू नका. ठोके संथ असताना क्यूटी (क्यूआरएसपासून टी संपेपर्यंतचा वेळ) लांबतं, त्यातून टॉर्साड, म्हणजे ही वळवळती लय, होतं. म्हणजे चक्कर हृदय थांबल्यामुळेच येते असं नाही. उपाय: मॅग्नेशियम २ ग्रॅम, पोटॅशियम ४.५ च्या आसपास, आणि टीपीआयचा दर ६० ऐवजी ८०-९०. ॲमिओडारोन इथे घात करतं, कारण ते क्यूटी आणखी लांबवतं.

आणि रुंद संथ ठोके 'एक्टोपिक (भलत्या जागेचे जादा ठोके) आहेत' म्हणून लिग्नोकेन (असे ठोके दाबणारं औषध) देऊ नये. रुग्णाचा तेवढाच एक आधार असतो, तोही बंद पडतो.

भूलतज्ज्ञ

लिग्नोकेनबद्दल +१.

मंदगती

कोणाला थांबायचं आणि कोणाला थांबायचं नाही, यावर थोडं.

हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका: एव्ही नोडला (वरचा संदेश खाली सोडणाऱ्या गाठीला) रक्त बहुतेकांत उजव्या कोरोनरीतून जातं. नोड मरत नाही, गुंगतो. वाहिनी उघडली की काही तासांत ते काही दिवसांत ब्लॉक सुटतो. निदान ५ दिवस वाट बघून मगच कायमच्या पेसमेकरचं बोला. पुढच्या भिंतीचा झटका आणि कम्प्लीट ब्लॉक हे प्रकरण वेगळं. तिथे स्नायूचा मोठा भाग गेलेला असतो आणि खालच्या फांद्याच जळालेल्या असतात. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर ५ ते ७ दिवस सूज उतरायला द्यायचे.

बाकी, म्हातारपणाने आलेल्या ब्लॉकमध्ये उगाच दिवस काढू नयेत. मांडीतून टीपीआय घालून आठवडा पडून राहणं म्हणजे संसर्ग, पायात गुठळी, वायर सरकणं, तिन्हींना आवतण. फक्त ताप असेल तर आधी तो उतरू द्या. ताप असताना पेसमेकरचं खोकं (बॅटरीची डबी) आत घालणं म्हणजे पुढच्या संसर्गाची सोय.

चक्कर येत नाही, फक्त दम लागतो, म्हणून पेसमेकर नको, असा युक्तिवाद नातेवाईक करतात. वयाने आलेला, परत न फिरणारा कम्प्लीट ब्लॉक असेल तर लक्षणं नसली तरी बसवायचा असतो. पहिलंच लक्षण शेवटचं ठरू शकतं.

वेंकेबाख

आता वादाचा विषय: एक वायर (फक्त खालच्या कप्प्यात) की दोन (वरच्याही)?

कायमचं एट्रियल फिब्रिलेशन असेल तर वरच्या कप्प्यात वायर घालून काही मिळत नाही. तिथे व्हीव्हीआयआर (फक्त खालच्या कप्प्याला ठोके, हालचालीप्रमाणे दर). सायनस (हृदयाची मूळची लय) नीट चालत असेल तर नियमाने डीडीडी: वरच्या कप्प्याचा ठोका ऐकायचा आणि ठरावीक वेळाने खाली द्यायचा. पण ८५ वर्षांच्या, घरातल्या घरात फिरणाऱ्या बाईंना दोन वायरींचा आग्रह धरू नये असं माझं मत. २००५ सालच्या यूकेपेस चाचणीत सत्तरीपुढचे, वरच्या दर्जाचा ब्लॉक असलेले २,०२१ रुग्ण होते. पाच वर्षांत मृत्युदरात एक वायर आणि दोन वायरी यांत फरक पडला नाही. दोन वायरींत गुंतागुंत मात्र जास्त होती.

थ्रेशोल्ड

@वेंकेबाख, अर्धसहमत. मृत्युदर सारखा होता, पण माणसाला बरं वाटणं वेगळं. सायनस चालू असताना व्हीव्हीआय लावलं की मधूनमधून वरचा कप्पा बंद झडपेवर आकुंचन पावतो. मानेतली शीर उसळते, रक्तदाब वीस-तीसने पडतो, बाई सांगतात की 'मशीन बसवल्यापासून जास्तच गळल्यासारखं होतं'. यालाच पेसमेकर सिंड्रोम म्हणतात आणि नंतर दुसरी वायर घालायला पुन्हा तोच खिसा उघडावा लागतो. वय बघून नाही, चालणं-फिरणं आणि बाकीचे आजार बघून ठरवावं.

वेंकेबाख

चालणं-फिरणं बघून, हे मान्य.

कॅथलॅबवाला

प्रत्यक्ष बसवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर.

तयारी: सलाईनची सुई डाव्याच हाताला लावून आणा, कारण खोकंही डावीकडेच बसायचंय. शीर सापडत नसेल तर त्याच सुईतून १०-१५ मिली डाय सोडला की एक्स-रेच्या पडद्यावर रस्ता दिसतो. डाव्या हातात डायलिसिसचा फिस्टुला असेल तर मात्र सगळं उजवीकडे. केस क्लिपरने काढायचे, वस्तऱ्याने नाही. सेफाझोलिन चीर देण्याआधीच्या तासाभरात. वॉर्डातून सकाळी सहाला देऊन पाठवलं आणि केस अकराला लागली, तर त्या डोसचा उपयोग शून्य.

वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर ते बंद करून हेपरिन लावण्याची जुनी पद्धत सोडा. २०१३ च्या ब्रूज कंट्रोल चाचणीत वॉरफरिन चालू ठेवलेल्यांत खिशात मोठी गाठ ३.५ टक्क्यांना झाली, हेपरिनवाल्यांत १६ टक्क्यांना. आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) ३ च्या आत असला की झालं.

जागा बधिर करून, कॉलरबोनच्या खाली दोन बोटं, ४-५ सेंटिमीटरची चीर. लिग्नोकेनचा हिशेब ठेवा: ६० किलोच्या माणसाला ४.५ मिग्रॅ प्रति किलो म्हणजे २७० मिग्रॅ, १ टक्क्याचं २७ मिली. २ टक्क्याचं घेतलंत तर साडेतेरा मिलीतच मर्यादा संपते.

शीर: सेफॅलिक उघडून किंवा पहिल्या बरगडीवर ॲक्सिलरीत सुई. फार आतून, कॉलरबोन आणि बरगडीच्या सांध्यात घुसलात तर वायर त्या दोन हाडांच्या चिमट्यात येते आणि काही वर्षांनी तिथेच चिरते. शीथमधून (वायर आत नेणारी नळी) डायलेटर (तिच्या आतली टोकदार नळी) काढला की तोंड बोटाने चिमटून धरा. गुंगीतला माणूस घोरत असेल तर एका खोल श्वासासरशी हवा आत ओढली जाते.

खालच्या कप्प्याची वायर साधारण ५८ सेंटिमीटर, वरच्याची ५२. खालची वायर आधी फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेऊन मग मागे ओढत खाली टेकवायची. त्याने ती उजव्या कप्प्यातच आहे, कोरोनरी सायनसमध्ये किंवा छिद्रातून डावीकडे गेलेली नाही, याची खात्री पटते. मग एलएओमध्ये (डावीकडच्या तिरक्या कोनातून) एकदा बघा. टोकाचा स्क्रू बाहेर आला की पडद्यावर दोन खुणांमधलं अंतर मिटतं. ते दिसल्यावर आणखी फेरे देऊ नका, बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बायकांत टोक भिंतीपार जातं. रक्तदाब अचानक पडला आणि हृदयाची कड पडद्यावर हलेनाशी झाली तर वायर राहू द्या, आधी इको लावा.

मापं: थ्रेशोल्ड ०.४ मिलिसेकंदाला १ व्होल्टच्या आत, आर-वेव्ह (खालच्या कप्प्याचा स्वतःचा सिग्नल) ५ मिलिव्होल्टच्या वर, पी-वेव्ह (वरच्याचा) दीड-दोनच्या वर, इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) सर्वसाधारणपणे ४०० ते १,००० ओहम. ज्याला स्वतःचा ठोकाच नाही त्याची आर-वेव्ह कुठून मोजणार? तिथे थ्रेशोल्ड, इम्पीडन्स आणि पडद्यावर दिसणारी ठेवण यांवरच निभवायचं. मग १० व्होल्ट देऊन पोटावर हात ठेवा. उचकीसारखा धक्का लागत असेल तर जागा बदला. खोल श्वास, खोकला, पुन्हा मापं.

टाका स्लीव्हवर (वायरवरच्या बाहीवर), वायरवर कधीही नाही. नुसत्या वायरवर दोरा आवळला की आतलं वेटोळं किंवा वरचं आवरण तिथेच जातं. वायर सॉकेटमध्ये इतकी आत जायला हवी की पिन स्क्रूच्या ठोकळ्यापलीकडे दिसेल. पाना फिरवून 'टक' आवाज येईपर्यंत आवळायचं, मग हलका हिसका देऊन बघायचं. पिन ओली असेल किंवा भोकात हवा अडकली असेल तर ती मागे सरकते. आधी पुसा, मग घाला. उरलेली वायर खोक्याच्या मागे वेटोळी करून, खोकं पुढे.

आणि टीपीआयची वायर काढायची ती पडद्यावर बघत, नवी वायर पकड धरून आहे याची खात्री करून, सावकाश. वॉर्डात नेऊन न बघता ओढली की कधी कधी नव्या वायरीला गुंतून तिलाही घेऊन येते, आणि तेव्हा खोलीत कोणी नसतं.

गावाकडचा_एमडी

उत्तम लिहिले आहे. एक प्रश्न: हल्ली सगळे लेफ्ट बंडल पेसिंगबद्दल बोलतात. तालुक्यातून पाठवताना रुग्णाला काय सांगावे?

वेंकेबाख

उजव्या कप्प्याच्या टोकाला पेसिंग केलं की डावा कप्पा उशिरा आणि वाकडा आकुंचन पावतो. कम्प्लीट ब्लॉकवाल्याचे सगळेच्या सगळे ठोके असे पडतात: दर ६० धरला तरी दिवसाला ८६,४००. काहींचं इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डावा कप्पा बाहेर टाकतो त्या रक्ताची टक्केवारी) त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत किंवा त्याहून उशिरा घसरतं. लेफ्ट बंडलमध्ये वायर उजवीकडून दोन कप्प्यांमधल्या पडद्यात खोलवर फिरवून डाव्या फांदीजवळ नेतात. २०१७ साली चीनमधल्या हुआंग यांच्या गटाने हे प्रथम मांडलं. नेहमी वापरली जाणारी एक वायर ४.१ फ्रेंचची, आतून पोकळी नसलेली आहे, तिला वेगळं शीथ लागतं.

सांगायचं ते असं: इजेक्शन फ्रॅक्शन ३६ ते ५० च्या मध्ये असेल आणि ठोके बहुतेक मशीनचेच पडणार असतील तर साध्या उजव्या पेसिंगवर थांबू नका, लेफ्ट बंडल किंवा सीआरटी (खालच्या दोन्ही कप्प्यांना एकत्र ठोके) करणाऱ्या ठिकाणी पाठवा. फ्रॅक्शन ६० असलेल्या ऐंशीच्या माणसासाठी मात्र त्याच्या नादात चार दिवस टीपीआयवर ठेवणं मला पटत नाही.

कॅथलॅबवाला

शिवाय वायर पडदा फोडून डावीकडे जाऊ शकते. फिरवताना इम्पीडन्स एकदम पडला की हात थांबवायचा. नुसतं शीथ विकत घेऊन हे जमत नाही.

थ्रेशोल्ड

प्रोग्रॅमिंगकडे येते. ब्लॉकवाल्यांसाठी कारखान्यातून आलेली सेटिंग्ज तशीच सोडू नयेत.

पहिले काही आठवडे वायरच्या टोकाशी सूज येते आणि थ्रेशोल्ड चढतो. टोकाला डेक्सामेथासोन असतं म्हणून पूर्वीइतका नाही, पण चढतो. म्हणून सुरुवातीला ३.५ व्होल्ट. तीन महिन्यांनी थ्रेशोल्ड ०.७५ वर स्थिरावलेला असेल तर २ व्होल्टवर आणा. ऊर्जा व्होल्टच्या वर्गाने खर्च होते: साडेतीनवरून दोनवर आलात की दर ठोक्याचा खर्च एक तृतीयांश. इथे बॅटरीची वर्षं वाचतात. तीन महिन्यांची भेट चुकवलेला रुग्ण तेवढी वर्षं फुकट घालवतो. आणि उलटं, बॅटरी वाचवायच्या हौसेने ब्लॉकवाल्याचं आउटपुट थ्रेशोल्डच्या दुपटीखाली आणू नये.

स्वतःच्या ठोक्याची वाट बघत थांबणाऱ्या सुविधा ब्लॉकवाल्यांत बंद ठेवा. सायनसच्या दोषात त्या चांगल्या. इथे मशीन वाट बघतं, ठोका काही येत नाही, आणि होल्टरवर (दिवसभराच्या ईसीजीवर) विराम दिसून सगळे घाबरतात.

आता एक तक्रार नेहमीची: 'सपाटीवर ठीक, जिना चढताना एकदम दम तुटतो, दोन मिनिटांनी बरं.' वायर सुटली म्हणून एक्स-रे काढायच्या आधी हा हिशेब करा. एव्ही डिले (वरच्या ठोक्यानंतर खाली द्यायच्या आधीचा थांबा) २०० आणि पीव्हीएआरपी (खालच्या ठोक्यानंतर वरचं न ऐकण्याचा काळ) ३१० मिलिसेकंद म्हणजे एकूण ५१०. साठ हजार भागिले ५१० म्हणजे ११८. चढताना वरच्या कप्प्याचा दर ११८ च्या पुढे गेला की मशीनला एकाआड एक पी दिसतच नाही, आणि नाडी ११८ वरून धाडकन ५९ वर येते. पीव्हीएआरपी २५० आणि एव्ही डिले १५० केला की हीच मर्यादा १५० वर जाते. पाच मिनिटांचं काम. पीव्हीएआरपी फार कमी केला तर मात्र खालून उलटा गेलेला ठोका पी समजून मशीन स्वतःच्याच शेपटीमागे धावतं, तेव्हा बेताने.

इम्पीडन्सचे आकडे एकेकटे बघू नका, मागच्या भेटीशी ताडून बघा. २०० च्या खाली घसरला तर आवरण फाटलंय. २,००० च्या वर उसळला तर आतली तार तुटलीय किंवा स्क्रू ढिला आहे. बसवल्यावर आठवड्यात उसळला तर बहुधा स्क्रूच.

अतिदक्ष

जखमेबद्दल तीन ओळी. खिशात रक्ताची गाठ आली तर सुईने ओढू नका, जंतू आत न्यायचा तो राजमार्ग आहे. दाबपट्टी, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा फेरविचार, ताण फार असेल तर थिएटरमध्ये नेऊन उघडणे. आणि महिन्यांनंतरही खोक्यावरची त्वचा लाल, पातळ, चिकटलेली दिसली किंवा टाक्यातून थेंब आला तर मलम आणि गोळ्यांवर वेळ घालवू नका. संसर्ग खिशात शिरला की खोकं आणि वायरी, सगळं काढावं लागतं. अँटिबायोटिकने वरचं वाळतं, आतलं तसंच राहतं.

हात चार-सहा आठवडे खांद्याच्या वर नको. पण गळ्यात अडकवून जायबंदीही करू नका, खांदा आखडतो. जेवणं, केस पुसणं, शर्टाची बटणं, सगळं त्याच हाताने.

मंदगती

घरगुती प्रश्नांची एकगठ्ठा उत्तरं, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद त्यातच जातील.

मिक्सर, फ्रिज, टीव्ही, मायक्रोवेव्ह: चालतं. इंडक्शन शेगडी: छाती दोन फूट लांब, वाकून ढवळू नये. शक्य तर गॅस वापरा. मोबाईल: उलट्या बाजूच्या कानाला, शर्टाच्या खिशात नाही, १५ सेंटिमीटर अंतर. ज्या फोनच्या मागे चार्जिंगचं लोहचुंबक असतं ते तर नाहीच नाही. विमानतळाची, देवळाची कमान: न रेंगाळता पार व्हा. हातातलं यंत्र खोक्यावर धरून ठेवू देऊ नका, कार्ड दाखवा. शेतातली मोटर: मोटरपेक्षा अर्थिंगची काळजी करा. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती गळती पेसमेकरला हृदयाचा ठोका वाटू शकते, आणि तो गप्प बसतो.

फिजिओथेरपीत शॉर्टवेव्ह डायथर्मी पूर्ण वर्ज्य. गुडघ्यावर असली तरी. हे फिजिओथेरपिस्टला रुग्णाने स्वतःहून सांगायचं.

एमआरआय: खोकं आणि वायरी दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या हव्यात. खोकं नवं आणि वायर वीस वर्षांपूर्वीची, तर ती जोडी चालणारी धरत नाहीत. तपासणीआधी मशीन एमआरआय मोडवर टाकायचं आणि नंतर परत आणायचं. हे 'परत आणणं' राहून जातं.

घरी नाडी मोजायची ती पूर्ण मिनिटभर. सेट केलेल्या दरापेक्षा कमी भरली तर आधी रात्रीचा दर ५० ठेवलाय का ते कार्डावर किंवा फाईलमध्ये बघा. मधले एक्टोपिक ठोके मनगटाला लागत नाहीत, त्यानेही कमी भरते. शंका असेल तर ईसीजी. आणि ईसीजी मशीनने खाली छापलेलं 'जुना हार्ट ॲटॅक' वाचून घाबरू नका, पेसिंगचा क्यूआरएस त्याला तसाच दिसतो.

गावाकडचा_एमडी

खर्चाबाबत: महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कायमचा पेसमेकर बसतो, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल झाल्याच्या दिवशीच भेटावे. रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळत नसणे, यात हमखास वेळ जातो. ब्लॉक दिसणारा १२ लीडचा ईसीजी जपून ठेवा. टीपीआय लागल्यावर काढलेल्या पट्टीत ब्लॉक दिसत नाही आणि मंजुरी अडते. खोक्याच्या आणि प्रत्येक वायरीच्या वेष्टनावरचे स्टिकर फाईलमध्ये आहेत ना, ते सुट्टी घेताना बघा. दहा वर्षांनी बॅटरी बदलताना हेच विचारतात.

आणि एक, बोलायला अवघड पण आवश्यक. दहन करण्याआधी खोके काढावे लागते. सीलबंद बॅटरी उष्णतेने फुटते. लहानशी चीर, वायरी कापायच्या, खोके बाहेर, दोन टाके. मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरला घरच्यांनी आठवण करावी. दफन असेल तर काढायची गरज नाही.

भूलतज्ज्ञ

दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेला असा रुग्ण आला तर: बेंबीच्या वर कॉटरी (विजेने कापणं) असेल तर आधी प्रोग्रॅमरने (पेसमेकरची सेटिंग बदलणारं यंत्र) डीओओ किंवा व्हीओओ, म्हणजे काही न ऐकता ठरल्या दराने ठोके. प्रोग्रॅमर नसेल तर खोक्यावर मॅग्नेट. कॉटरीची प्लेट अशी लावा की विजेचा मार्ग छातीवरून जाणार नाही, आणि कॉटरी तुटक तुटक, चार-पाच सेकंदांच्या आत. नाडी ईसीजीवर नाही, बोटाच्या ऑक्सिमीटरच्या लहरीवर बघा. कॉटरी चालू असताना ईसीजी नुसता गोंधळ दाखवतो.

थ्रेशोल्ड

मॅग्नेटवरून आठवलं. मॅग्नेट ठेवल्यावर येणारा दर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि बॅटरी उतरली की तो खाली येतो. मेडट्रॉनिकचा ८५ असतो, बदलायची वेळ आली की ६५. जवळ प्रोग्रॅमर नसलेल्या गावात एवढ्यावरून 'महिन्याभरात जा' असं सांगता येतं. कंपनीचं नाव कार्डावर असतं. कार्ड हरवलं असेल तर एक्स-रेत खोक्याच्या आत बारीक अक्षरांत छापलेली खूण मोठी करून बघा.

कॅथलॅबवाला

बॅटरी बदलण्याबद्दल एकच. 'छोटं काम आहे, वायर तीच' म्हणून ब्लॉकवाल्याला हलक्यात घेऊ नका. आधी दर ३० पर्यंत उतरवून स्वतःचा ठोका येतो का बघा. येत नसेल तर टीपीआय घालूनच सुरू करा. जुन्या मशीनचं पेसिंग युनिपोलर असेल तर खोक्याची पत्र्याची बाजूच दुसरा ध्रुव असते. खोकं खिशातून उचलून हातात घेतलं की त्या क्षणाला पेसिंग बंद, वायर जोडलेली असली तरी. मॉनिटरवर सरळ रेघ दिसली तर पहिलं काम: खोकं परत मांसाला टेकवा. मग बाकीचं.